तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या व्हिडिओत चुकीचं उत्तर का असतं

"मॅडम, सरळ बरोबर उत्तर सांगून टाका ना." विद्यार्थी हे अजिजीने म्हणतात, पालक तक्रारीच्या सुरात, आणि व्हिडिओ करणारे इतर शिक्षक जरा कीव केल्यासारखं. अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या माझ्या प्रत्येक व्हिडिओत भाच्याचा आवाज येतो, तो ठामपणे चुकीचं उत्तर देतो, मी म्हणते, "आता थांबवा आणि वहीत बाण काढा," आणि मग काही सेकंद कोणीच बोलत नाही. हे का, ते एकदाच नीट सांगते.

माइक कोणता, रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद असतो का, भिंतीवर गोधडी कशाला टांगली, हे सोडून देऊ. बोलतोय तेच शब्दशः पडद्यावर लिहू नये, शोभेची चित्रं आणि मागचं संगीत काढून टाकावं, याबद्दलही शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांनंतर फारसं भांडण उरलेलं नाही. भांडण आहे ते माझ्या भाच्याच्या तोंडी घातलेल्या वाक्यांवरून.

पूर्वी मीही सरळच सांगायचे. खाली 'एकदम क्लिअर, मॅम' असे शेरे पडायचे आणि मला ते खरे वाटायचे. मग हाच भाचा, तेव्हा अकरावीतला, माझ्या शेजारी बसून वर फेकलेल्या चेंडूचा व्हिडिओ बघत होता. मान डोलावत होता. संपल्यावर म्हटलं, चेंडू वर जातोय, त्याच्यावरचं बल दाखव. त्याने वरच्या दिशेने बाण काढला. हाताचा जोर अजून चेंडूत आहे म्हणे. आणि अगदी टोकाला? "तिथे शून्य." हात सुटल्यावर, हवेचा विरोध सोडला तर, चेंडूवर फक्त गुरुत्वाचं बल असतं, खालच्या दिशेने, सगळा वेळ तेवढंच, हे मी पडद्यावर नुकतंच सांगितलं होतं. टोकाला बल शून्य असतं तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता. त्याने ते ऐकलं, त्याला ते पटलंही, आणि डोक्यातलं आधीचं जागचं हललं नाही.

डेरेक म्युलर यांनी सिडनी विद्यापीठात २००८ साली पूर्ण केलेल्या पीएचडीत याच गोष्टीमागे लागून प्रयोग केले. सरळ समजावणारा व्हिडिओ मुलांना स्पष्ट, सोपा वाटला. चाचणीत फारसा फरक पडला नाही. ज्यात दोघं बोलतात आणि एक जण मुलांच्या मनातली चुकीची कल्पना बोलून दाखवतो, तो गोंधळाचा वाटला. शिकणं मात्र त्यातून जास्त झालं. आयआयटी मुंबईतल्या मंडळींनी ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी बसवलेल्या पद्धतीतही व्हिडिओच्या मध्ये 'रिफ्लेक्शन स्पॉट' येतात: थांबा, स्वतः करून बघा, मग पुढे चला. तेव्हा हे माझं एकटीचं खूळ नाही. (भाच्याला हे सांगून उपयोग नसतो. तो आता इंजिनिअरिंगला आहे, आणि 'तो मुलगा फारच ढ आहे' असे शेरे अजून त्याला वाचायला लागतात.)

आता कंपनीचं प्रकरण. एका कंपनीने माझा कोर्स घेतला. मीटिंगमध्ये एका तरुण मुलाने लॅपटॉपवर आलेख दाखवला. "इथे बघा मॅम, प्रत्येक व्हिडिओत इथेच लोक सोडून जातायत." बोट बरोबर माझ्या शांततेवर. शिवाय ११ मिनिटं फार होतात, ६ च्या आत हवं. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावरच्या अभ्यासाचा दाखला त्याच्याकडे तयार होता. तो अभ्यास मीही वाचला होता: २०१४ चा, चार अभ्यासक्रम, पाहण्याची सुमारे ६९ लाख सत्रं, आणि व्हिडिओ कितीही लांब असो, लोक साधारण ६ मिनिटांपुढे टिकत नाहीत. मी म्हटलं, त्यात किती वेळ बघितलं आणि पुढचा प्रश्न सोडवायला घेतला का, एवढंच मोजलंय. शिकले का, हे नाही मोजलेलं. तो हसून "पॉइंट आहे, मॅम" म्हणाला.

मग त्यांनी चेंडूचा व्हिडिओ मधोमध कापला. शांतता काढली. पहिला भाग भाच्याच्या "टोकाला बल शून्य" या वाक्यावर संपला. ते का चूक, हे दुसऱ्या भागात.

एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. मुलीने सीईटीच्या सराव परीक्षेत 'शून्य' हा पर्याय निवडला होता, आणि विचारल्यावर 'मॅडमच्या व्हिडिओत आहे' म्हणून स्क्रीनशॉट दाखवला. खरंच होता. ते वाक्य मीच मोठ्या अक्षरात पडद्यावर टाकलं होतं. मी त्यांना दुसऱ्या भागाबद्दल सांगू लागले. ते आवाज न चढवता म्हणाले, "मॅडम, तुम्हाला कोडी घालायची हौस असेल. आम्ही फी उत्तरासाठी भरली." मुलगी सकाळच्या एसटीत, उभ्याने, मोबाइलवर, दुप्पट वेगाने व्हिडिओ बघते, हेही त्यांनीच सांगितलं. कागद-पेन कुठून काढणार?

कापलं कंपनीने, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं? माझ्या सगळ्या आखणीत मुलगी टेबलाशी बसलेली होती, वही उघडी, घर शांत. तशी मुलगी मी शिकवलेल्या किती वर्गांत होती?

माझ्यातली जुनी शिक्षिका इथे लगेच तोंड उघडते: माझ्याकडून निदान कोणी चुकीचं घेऊन तरी गेलं नाही. गेलं, बाई. आणलं तेच घेऊन गेलं, वर 'क्लिअर' असा शेरा देऊन. पण ती हेही विचारते की शांततेपाशी जे उठून जातात त्यांना तू काय शिकवलंस, आणि यावर माझ्याकडे उत्तर नाही. आलेख खोटा नव्हता. तिथे खरंच माणसं जातात.

तो करार संपवला. आता चूक आणि तिचं खंडन चार मिनिटांच्या आत, एकाच तुकड्यात असतं. चुकीचं वाक्य फक्त ऐकू येतं, पडद्यावर कधीही लिहिलेलं नसतं. बाण हवेत बोटाने काढला तरी चालेल, असंही म्हणते, एसटीवाल्यांसाठी. यामुळे मुलं जास्त शिकतात असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. माझ्याकडे परीक्षा झालेल्या मुलांचे चार-दोन मेसेज आहेत, आणि 'क्लिअर'वाले शेरेही कधी काळी होतेच.

घर्षणाचा व्हिडिओ पुढच्या आठवड्यात येतोय. चालताना घर्षण पावलाला मागे ओढतं, असं भाचा सांगणार आहे, आणि तुमच्यातल्या बहुतेकांना ते पटणार आहे. पुढे कसं ढकलतं ते नंतर येतं. ज्यांना थेट तिथेच जायचंय त्यांच्यासाठी खाली वेळ लिहून ठेवीन. ती लिहू नये असं मला अजून वाटतं, पण लिहीन.