वर काहीतरी

मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर, एका दुपारी मी पितळेचा पानाचा डबा हातात घेऊन उभा होतो. घासाघीस आठ हजारांवरून सहा हजारांवर येऊन थांबली होती आणि मी विजयी मुद्रेने क्रेडिट कार्ड पुढे केले, तेव्हा दुकानदार शांतपणे म्हणाला, “कार्ड पे दो टक्का ज्यादा लगेगा, साब.” माझ्या कार्डावर दीडशे रुपयांमागे एक पॉइंट मिळतो आणि एका पॉइंटाचे पंचवीस पैसे होतात, म्हणजे दहा रुपयांचे ४० पॉइंट मिळवण्यासाठी १२० रुपये मोजायचे होते. खिशात रोकड असूनही मी ते मोजले.

हे खूळ मला आईकडून आले असावे. बोहारीण ओसरीवर टोपले उतरवून बसली की आई प्रत्येक डब्याचे झाकण लावून डबा उलटा धरी आणि झाकण पडले नाही तरच पुढे बोले. दोन साड्या आणि बाबांच्या तीन विजारींवर सौदा ठरला तरी ती उठत नसे. “वर एक वाटी दे,” एवढे म्हणून ती बसून राही. अशा मिळवलेल्या वाट्या इतक्या पातळ असत की त्यांत गरम आमटी वाढण्याची सोय नव्हती. आजीचा पानाचा डबा मात्र भांड्यांच्या दुकानात मोडीत गेला आणि त्याच्या बदल्यात स्टीलचे पिंप आले. तेव्हा घरात कोणाला वाईट वाटल्याचे आठवत नाही, आजीलासुद्धा.

मी घेतलेल्या डब्याच्या तळाशी छिन्नीच्या ठिपक्यांनी ‘चि. सौ. कां. हिस मामाकडून, शके १८६०’, म्हणजे इसवी सन १९३८-३९, असे घातलेले आहे आणि चुनाळ्याच्या सांध्यात चुन्याची पांढरी रेघ अजून आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याला अशा वस्तूचे वय शंभर वर्षे लागते, तेव्हा सरकारच्या लेखी हे नुसते जुने भांडे आहे. कार्डवाल्यांची वर्गवारी निराळीच आहे: जुन्या दुर्मीळ वस्तूंच्या दुकानाला ५९३२, त्यांच्या नकला विकणाऱ्याला ५९३७ आणि साध्या जुन्या बाजाराला ५९३१ असा क्रमांक असतो, आणि पॉइंट द्यायचे की नाही हे बँक वस्तू पाहून नव्हे, तर असा क्रमांक पाहून ठरवते. माझ्या स्टेटमेंटात हे दुकान फर्निचरचे निघाले.

२०१३ च्या डिसेंबरात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात क्रिस्टीज या लिलावगृहाने केलेल्या लिलावात चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचे एक चित्र २३.७ कोटींना गेले. त्या आकड्यात हातोड्याच्या बोलीवर लिलावगृहाने लावलेले कमिशनही धरलेले आहे, हे कळल्यावर मला आमचा दोन टक्केवाला एकदम साधुपुरुष वाटू लागला. कोणी एवढे पैसे कार्डाने भरत नाही हे मला समजते. तरीही रात्री झोप येईना म्हणून मी हिशेब केला, तो १५ लाख ८० हजार पॉइंट, म्हणजे ३ लाख ९५ हजार रुपयांचा झाला.

माझे सगळे जुने पॉइंट मिळून बक्षिसांच्या यादीतली एकच वस्तू परवडत होती, आणि ती म्हणजे स्टीलच्या तीन डब्यांचा संच. मी आईला फोन करून ते सांगितले. ती म्हणाली, “घे, पण झाकणे घट्ट बसतात का ते आधी बघ.”