गिअर खाली आणला, दोष जागेवरच राहिला

ओहायोच्या डोंगराळ भागातल्या एका शेतकऱ्याची १९७० ची शेव्हरोले सी-१० पिकअप आमच्या गॅरेजला आली, तेव्हा कामाच्या कागदावर एकच ओळ होती: 'कॉलमचा गिअर काढून फ्लोअरला द्यायचा,' म्हणजे स्टिअरिंगखालची गिअरची दांडी काढून केबिनच्या तळाला द्यायची. सहा सिलिंडरचं २५० क्युबिक इंचांचं, म्हणजे साधारण ४.१ लिटरचं इंजिन, लांब हौदा आणि तीन गिअरचा सॅगिनॉ गिअरबॉक्स. आम्ही काम केलं, गाडी गेली आणि अकराव्या दिवशी परत आली. चढावर दुसरा गिअर आपोआप सुटत होता. त्या दिवशी जे सापडलं ते काम सुरू करण्याआधी दोन मिनिटांत सापडायला हवं होतं, आणि सापडलं असतं तर कदाचित हे कामच करावं लागलं नसतं.

पद्मिनी किंवा अँबॅसिडर चालवलेल्यांना स्टिअरिंगखालचा गिअर समजावून सांगायला नको. त्यांचे चार, या ट्रकला तीन. दांडी आपल्याकडे ओढून वर केली की रिव्हर्स, खाली केली की पहिला. पलीकडे ढकलून वर दुसरा, खाली तिसरा. बाहेरून दिसत नाही ते असं: स्टिअरिंगच्या शाफ्टभोवती एक पोकळ नळी असते. दांडी ओढली-ढकलली की ही नळी थोडी वरखाली सरकते आणि तिच्या तळाचा दात दोनपैकी एका लिव्हरच्या खाचेत बसतो. एक लिव्हर पहिला आणि रिव्हर्सची, दुसरी दुसरा आणि तिसऱ्याची. प्रत्येकीपासून एक रॉड गिअरबॉक्सच्या डाव्या अंगाला जातो. न्यूट्रलमध्ये दोन्ही खाचा अगदी समोरासमोर असाव्या लागतात, तरच दात एकीतून दुसरीत जातो. एक लिव्हर जराशी जरी पुढेमागे राहिली तरी दात मध्येच अडतो आणि दांडी कुठेच हलत नाही. मग बॉनेट उघडायचं, हाताने दोन्ही लिव्हर सरळ करायच्या आणि पुढे निघायचं.

या शेतकऱ्याची तक्रार हीच होती. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गिअर अडकतो. बॉनेट उघडून पाहिलं तर नळीचं खालचं बुश (सांध्यात बसणारी रिंग) खाल्लेलं, रॉडच्या टोकांची बुशं अंडाकृती झालेली. पन्नास वर्षांच्या गाडीत हे असणारच, त्यामुळे कारण मिळालं असं सगळ्यांनी धरलं. मालकाला तसाही फ्लोअर शिफ्ट हवाच होता.

आता कामाबद्दल. तीन गिअरचा सॅगिनॉ बॉक्स बदलावा लागत नाही. त्याच्या बाजूच्या झाकणावर दोन लिव्हर असतात: पुढची दुसरा-तिसऱ्याची, मागची पहिला-रिव्हर्सची. कॉलमचे रॉड सोडायचे, बॉक्सवरच्या लिव्हर बदलायच्या, शिफ्टर, म्हणजे फ्लोअरच्या दांड्याचा संच, बॉक्सलाच बांधायचा आणि नवे दोन आखूड रॉड जोडायचे. पण रॉड सोडल्या सोडल्या त्यांना चिठ्ठी बांधा. दोन्ही एकसारखे दिसतात आणि अदलाबदल झाली की अर्धा दिवस जातो.

झाकण उघडणारच असाल तर आधी तेल काढा, दोन्ही लिव्हर न्यूट्रलला ठेवा आणि मगच बोल्ट सोडा. आत दोन कॅम आणि त्यांना दाबून धरणारी स्प्रिंग असते. गिअर जागेवर टिकवायचं काम त्यांचं. स्प्रिंग मऊ पडली असेल तर वर कितीही महागडा शिफ्टर लावा, गिअर सुटणारच. आत गिअर सरकवणाऱ्या चिमट्यांच्या, म्हणजे फोर्कच्या टोकांवर झीज किती, ते नखाने तपासा. नवीन पॅकिंग, लिव्हरच्या शाफ्टना नव्या रिंगा, आणि तेल भरताना भरायच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत. तेल जीएल-४ प्रतीचं वापरावं, पितळी सिंक्रो रिंगांना ते मानवतं. आमच्या बॉक्सचं आतलं सगळं चांगलं निघालं, हे पुढे उपयोगी पडलं.

शिफ्टर बांधण्यात लोक सर्वांत मोठी चूक करतात. स्वस्तातल्या किटचा पत्रा काहीजण सरळ केबिनच्या फ्लोअरला बोल्ट करतात. बॉक्स इंजिनाबरोबर हलतो, फ्लोअर हलत नाही; मग प्रत्येक धक्क्याला रॉड ओढले जातात. शिफ्टर बॉक्सलाच हवा. या बॉक्सच्या मागच्या हौसिंगला शिफ्टरसाठी कान नव्हते, म्हणून किटमधली पट्टी झाकणाच्या बोल्टांवर आणि मागच्या आधाराच्या बोल्टांवर बसवली. झाकणाचे मूळ बोल्ट पट्टीच्या जाडीमुळे आखूड पडतात. पट्टी जेवढी जाड तेवढ्यानेच जास्त लांब बोल्ट घ्या. त्याहून लांब घेतले तर आत शिरून फोर्कला लागतात, हे मी दुसऱ्या गॅरेजमधून आलेल्या बॉक्समध्ये पाहिलं आहे.

जुळवणी पाव इंची पिनवर होते. बॉक्स न्यूट्रलला, शिफ्टर न्यूट्रलला, आणि शिफ्टरच्या सगळ्या पात्यांतून पिन आरपार. मग रॉडच्या टोकाचं आटे असलेलं बटण फिरवत राहायचं, जोपर्यंत ते लिव्हरच्या भोकात स्वतःहून, जोर न लावता बसत नाही. अर्ध्या फेऱ्याने फरक पडतो. चेकनट आवळला की पिन काढून पुन्हा घालून पाहा. बोटाने सरकली पाहिजे. हातोडीने ठोकून घातलेली पिन म्हणजे जुळवणी झालेली नाही. शेवटी स्टॉपर बोल्ट: गिअर पूर्ण बसल्यावर दांडा बोल्टाला टेकावा, त्याआधी नाही. आधी टेकला तर गिअर अर्धवट बसतो. टेकलाच नाही तर चालवणाऱ्याच्या हाताचा सगळा जोर फोर्कवर येतो.

कॉलममधली नळी आम्ही कापली नाही, आणि कुणी कापू नये असंच माझं मत आहे. वरच्या दांडीची पिन पंचाने काढली, भोक बुजवलं, तळाशी एका पट्टीने नळी घट्ट धरली. नळी काढली की कॉलमचा खालचा आधार जातो आणि स्टिअरिंग खडखडतं. रिव्हर्सच्या पांढऱ्या दिव्याचा स्विच कॉलमवर होता, तो शिफ्टरवर आणला. अनेकजण हे विसरतात आणि मागच्या माणसाला गाडी मागे येतेय हे कळत नाही.

फ्लोअरचं भोक. सी-१० च्या या पिढीत पेट्रोलची टाकी केबिनमध्येच, सीटच्या पाठीमागे असते. केबिनमध्ये ग्राइंडर लावून ठिणग्या उडवणं हा शुद्ध वेडेपणा आहे, तरी लोक करतात. गिअरबॉक्सवर फ्लोअरला जो उंचवटा, म्हणजे बोगदा असतो, त्यावरचा स्क्रूचा पत्रा सोडून बाहेर आणा आणि टेबलावर कापा. पुठ्ठ्याचा नमुना आधी करा: दांडा तिन्ही गिअर आणि रिव्हर्समध्ये नेऊन चौफेर खुणा, आणि त्यांच्या बाहेर पाऊण इंच मोकळी जागा. सलग सीट असल्याने पहिल्यात आणि तिसऱ्यात दांडा मागे येऊन सीटला लागतो का, हे सीट पूर्ण पुढे ओढून बघायचं. आमचा दांडा तिथे थोडा वाकवून घ्यावा लागला. इंजिनाच्या डाव्या बाजूने एक्झॉस्टचा पाइप खाली येतो, त्याच्यापासून रॉड निदान इंचभर लांब हवा. माझ्या सहकाऱ्याने नमुना काटेकोर काढला होता. मोजमापात त्याची चूक नव्हती, हे मुद्दाम लिहितो, कारण गाडी परत आल्यावर सगळ्यांनी पहिलं बोट त्याच्याकडेच दाखवलं.

परत आलेल्या गाडीत गिअर सुटत होता तो जोरावर असताना, एक्सलरेटर सोडल्यावर नाही. पत्र्याच्या भोकाच्या उजव्या-पुढच्या कोपऱ्यातला रंग घासून खालचं लोखंड चमकत होतं. दांडा तिथे टेकत होता, पण उभ्या गाडीत त्याच जागी पाऊण इंच फट होती. पत्रा काढून, उघड्या फ्लोअरने चढावर ट्रायल घेतली. एकदाही सुटला नाही. म्हणजे बॉक्स निर्दोष, शिफ्टर निर्दोष, भोकही मापात. हलत होतं ते इंजिन.

बॉनेट उघडून, पार्किंग ब्रेक लावून, ब्रेक दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच हळू सोडायला सांगितला. बघणाऱ्याने गाडीच्या पुढे उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. इंजिनाची डावी बाजू जवळपास दोन इंच वर आली आणि क्लच दाबताच धपकन खाली बसली. इंजिन चासीवर टेकवणाऱ्या डाव्या माउंटिंगचा, आपल्याकडे ज्याला फाउंडेशन म्हणतात त्याचा रबर लोखंडापासून पूर्ण सुटलेला होता. गाडी उभी असताना इंजिनाच्या वजनाने दोन्ही तुकडे एकमेकांवर नीट बसतात, त्यामुळे खालून पाहिलं तर माउंटिंग धड वाटतं. आमच्यापैकी दोघांनी खालून पाहिलं होतं.

डावीकडचंच का जातं, यालाही कारण आहे. पुढे जाताना इंजिन डावीकडून उचललं जातं, आणि या बॉक्सच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा जोर २.८५ पट होऊन बाहेर पडतो. त्याची सगळी प्रतिक्रिया त्या एका रबरावर ताण म्हणून येते. उजवं माउंटिंग त्या वेळी नुसतं दबतं. हा धोका जुनाच माहीत आहे: १९७१ साली जनरल मोटर्सने साठ लाखांहून जास्त गाड्या याच प्रकारच्या माउंटिंगसाठी परत बोलावल्या, कारण इंजिन उचललं गेलं की एक्सलरेटर अडकून राहू शकत होता. तेव्हा इंजिन फार उचलू नये म्हणून त्याला तारेचा दोर बांधून दिला होता.

आता हे कॉलमच्या जुन्या तक्रारीला लावून पाहा. कॉलम केबिनला बांधलेला, गिअरबॉक्स इंजिनाला. मधले दोन रॉड ठरावीक लांबीचे. इंजिनाची डावी बाजू वर गेली की त्याच बाजूच्या लिव्हर रॉडमुळे न्यूट्रलपासून सरकणार, आणि तळाचा दात अडणार. बुशं खाल्लेली होतीच, पण नुसत्या बुशांनी गाडी रिकामी असतानाही अडकली असती. शेतकऱ्याने पहिल्याच दिवशी काउंटरवर सांगितलं होतं: "रिकामी असताना ठीक चालते. चाऱ्याचे गठ्ठे भरून चढ लागला की अडकते." शिवाय निघताना क्लच थरथरतो, हेही ते बोलले होते. या ट्रकच्या क्लचचा आडवा दांडा चासी आणि बेल हौसिंग (इंजिन आणि बॉक्सच्या मधलं क्लचचं आवरण) यांच्यामध्ये टेकलेला असतो. इंजिन उचललं की तोही ओढला जातो आणि क्लच थरथरतो. दोन्ही वाक्यं थेट माउंटिंगकडे बोट दाखवत होती. काउंटरवरच्या माणसाने त्यांची एक ओळ केली, आणि त्या ओळीत काय बसवायचं तेवढंच होतं, गाडी कशी वागते ते नव्हतं. मेकॅनिकपर्यंत गिऱ्हाइकाचे शब्द पोहोचू न देणारी ही पद्धत मला मुळीच मान्य नाही. काम काय करायचं हे गिऱ्हाइकाने ठरवावं, पण लक्षणं जशीच्या तशी लिहून घेतलीच पाहिजेत.

दुरुस्ती साधी होती. बेल हौसिंगखाली लाकडाची फळी देऊन जॅक लावला, लांब आरपार बोल्ट काढला, इंजिन जेमतेम इंचभर उचललं. नुसत्या ऑइल पॅनखाली जॅक लावू नये, पत्रा आत दबतो. माउंटिंग दोन्ही बदलली, कारण डावं तुटल्यावर उजव्याने बरेच दिवस वाकडा भार सोसलेला असतो. नवीन घेताना लोखंडाचे दोन भाग एकमेकांत अडकणारे घ्या. रबर सुटला तरी इंजिन वर येत नाही. त्यानंतर क्लचचा फ्री प्ले, म्हणजे पेडलची सुरुवातीची मोकळी हालचाल, पुन्हा लावला, पेडलला पाऊण ते एक इंच. रॉडवर पाव इंची पिन परत घालून पाहिली, आणि पत्रा बसवून भोकाच्या काठावर मऊ पुटीच्या गोळ्या चिकटवल्या. हौद्यात वजन भरून त्याच चढावर दोन फेऱ्या झाल्या, तरी एकाही गोळीवर दांड्याचा ठसा उमटला नाही. क्लचची थरथरही गेली.

बिल करताना वाद झाला. माउंटिंगचे पैसे घ्यावेत, ते मूळ कामात नव्हतं, असं गॅरेजच्या मालकांचं म्हणणं. तपासणी आमची होती, तेव्हा मजुरी तरी घेऊ नये, असं माझं. शेवटी सुट्या भागांचेच पैसे लावले.

गाडी न्यायला आलेल्या शेतकऱ्याने जुनी दांडी आणि रॉड मागून घेतले आणि विचारलं, "हे रबर आधी बदललं असतं, तर वरचा गिअर चालला असता का?" मी म्हणालो, बुशं बदलून बहुधा चालला असता. 'बहुधा' हा शब्द मला आवडला नाही. नळी शाबूत आहे, जुन्या लिव्हर आणि रॉड त्यांच्या गोठ्यात आहेत. शरद ऋतूत तेल बदलायला गाडी येईल तेव्हा अर्धा दिवस मोकळा ठेवायचं ठरवलं आहे. नवी बुशं घालून कॉलमचे रॉड पुन्हा जोडायचे, हौदा भरायचा आणि त्याच चढावर न्यायची. त्यांनाही ते बघायचं आहे. गठ्ठे तेच आणणार आहेत.