आली लहर

आंब्याच्या पेटीतलं गवत उपसताना तळाशी वर्तमानपत्राचा तुकडा निघाला. 'लहरी हवामानाने मोहोर गळाला.' दुपारची वेळ, हात चिकट. तिथेच वाचत बसलो.

थंडी धड पडली नाही की मोहोर धरत नाही, धरलाच तर ऐन वेळी आभाळ येतं, तुडतुडे पडतात. बागायतदाराचं वर्ष बुडतं. आणि शब्द काय, तर लहरी! किती लाडाचा. 'गंगालहरी', 'सौंदर्यलहरी' यांतलीच ही लाट. विषाच्याही लहरीच येतात, ते आपण सोयीनं विसरतो.

बरं, हा शब्द सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. पाऊस लहरी, राजा लहरी, गवई लहरी. दूधवाला दोन दिवस आला नाही तर तो बेभरवशाचा. जावई लहरी, सून मात्र तऱ्हेवाईक. (हल्लीची मुलं सगळ्यांनाच मूडी म्हणतात. म्हणोत बापडी.)

आमचे काका लहरी होते. लहर लागली की आम्हा सात पोरांना टांग्यात कोंबून भेळ खायला नेत. दुसऱ्या दिवशी रेडिओचा काटा कुणी हलवला म्हणून घर डोक्यावर. काकू स्वयंपाकघरातून त्यांच्या वहाणांचा आवाज ऐकायची. जोडीनं काढून ठेवल्या, तर चहात आलं. एक इकडे, एक तिकडे भिरकावली गेली, तर आम्हाला खुणेनंच परसात पिटाळायची. हवामान खात्याचा अंदाज चुकेल, काकूचा नाही चुकायचा.

एका मे महिन्यात मात्र तीन वाजून गेले तरी चूल पेटली नव्हती. काकू मागच्या पडवीत पाय सोडून बसली होती, शेजारी बादलीत भिजवलेले रायवळ. एकेक माचवून चोखत होती. रस कोपरापर्यंत ओघळलेला, पदराला डाग. पायाशी आठ-दहा कोयी.

काकांनी दारातून विचारलं, "चहा?"

"आज नाही."

"का? काय झालं?"

"काही नाही. वाटलं."

आजी बाहेर आली, शेजारच्या मावशी आल्या. कुणी म्हणालं ऊन लागलं असेल, कुणी म्हणालं दृष्ट. काका आत गेले आणि थर्मामीटर घेऊन आले.