बळीला चार हात नसतात

कार्तिक शुद्ध प्रतिपदा

कॅलेंडरवर बळी दिसतो तो बहुतेक वेळा वामनाच्या पायाखाली, मान तुकवलेला. आजच्या, बलिप्रतिपदेच्या पूजेतला बळी वेगळा, आणि चित्र काढताना गडबड होते ती इथेच.

भविष्योत्तर पुराणात सगळं नीट सांगितलंय. पूजा रात्रीची. चित्र पाच रंगांत, हात दोनच, अंगभर दागिने, शेजारी राणी विंध्यावली, भोवती कूष्मांड, बाण, जंभ, मुर हे दानव. थोडक्यात दरबार भरलाय. सामान्य घरांसाठी सोपी रीतही दिली आहे: आत शय्येवर पांढऱ्या तांदळांचा बळी मांडायचा, फळंफुलं वाहायची.

शय्येऐवजी पाट घेतला तर वाटीभर तांदूळ पुरतात. ते कोरडेच हवेत. ओले दाणे बोटांना चिकटतात, रेघ तुटते. कोरडे गुळगुळीत पाटावर घरंगळतात, म्हणून खाली सुती कापड. मधली आकृती आधी, मग राणी, दानव शेवटी, नाहीतर कडेच्या मंडळींवर हात फिरतो. रांगोळी भरायची तर गडद रंग सगळ्यांत शेवटी, कारण त्याची भुकटी पांढऱ्यावर उडाली की निघत नाही. आणि हात! देव काढायच्या सवयीने चार काढले जातात आणि बळीचा विष्णू होऊन बसतो.

बेड्याही नकोत. बांधला होता हे खरं. भागवतात गरुड त्याला वरुणपाशांनी जखडतो. त्याआधी 'दान देऊ नकोस' म्हणणाऱ्या शुक्राचार्यांचं त्याने ऐकलेलं नसतं, त्यांचा शाप घेतलेला असतो. आणि बांधलेल्या अवस्थेत तो म्हणतो काय, तर नरकाला भीत नाही, पाशाला भीत नाही, भितो ते अपकीर्तीला. तिसरं पाऊल माझ्या डोक्यावर ठेव. याला शरणागती म्हणणारे म्हणोत, मला त्यात ताठा दिसतो.

त्याची रवानगी झाली ते सुतळ सात पाताळांतलं तिसरं. अतळ आणि वितळाच्या खाली. दर दोन पातळ्यांत दहा हजार योजनं अंतर. हे नरक नव्हेत. ऊन तिथे पोचत नाही, पण भोग आणि ऐश्वर्य स्वर्गाहून जास्त. दाराशी गदा घेऊन पहारा करतो तो खुद्द विष्णू. दिग्विजयाला निघालेला रावण तिथे घुसायला गेला, तर या पहारेकऱ्याने त्याला पायाच्या अंगठ्याने दूर भिरकावलं.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त हाच बळी आपला राजा म्हणून उभा केला. बायका ओवाळताना 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणतात, आणि पूजेचा मंत्रही त्याला एका दमात देवांचा शत्रू आणि होणारा इंद्र म्हणून नमस्कार करतो. इंद्रपद मिळायचं ते सावर्णी मन्वंतरात, म्हणजे आठव्या मनूच्या काळात. सध्या सातवं मन्वंतर चालू आहे.