लाँग ड्राइव्हचा संच, नोंद सातवी: बासरीचा आलाप अखेर ऐकू आला

मंडळी, चार आठवडे मी गप्प होते, कारण सांगण्यासारखं काही हाती लागत नव्हतं. परवाच्या साडेपाच तासांच्या प्रवासात ते लागलं. बागेश्रीचं ते ४० मिनिटांचं बासरीवादन, ज्याने पहिल्या नोंदीपासून मला छळलंय, ते पहिल्यांदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत आवाजाच्या बटणाला हात न लावता ऐकलं.

मागचं थोडक्यात. लांबच्या प्रवासात गाडीत लावायला मी शांत संगीताचा एक संच जमवतेय. घरी अप्रतिम वाटणारा आलाप, म्हणजे सुरुवातीचा तबल्याविना संथ भाग, गाडीने ऐंशी-नव्वदचा वेग घेतला की टायरच्या घरघरीत बुडतो. आवाज वाढवला की आलाप ऐकू येतो, पण मग तबला येतो, लय चढते आणि झाला, म्हणजे शेवटचा अतिद्रुत भाग, सुरू होईपर्यंत कानठळ्या बसायची वेळ येते. शांत वाटावं म्हणून लावलेलं संगीत आणि दर दहा मिनिटांनी हात बटणावर. सगळ्या फायली एका पातळीला आणणं, म्हणजे रिप्लेगेनचं काम, तिसऱ्या नोंदीत झालं होतं. त्यामुळे एक वादन संपून दुसरं सुरू होताना बसणारा धक्का गेला. एकाच वादनाच्या पोटातला चढउतार मात्र तसाच राहिला, कारण रिप्लेगेन अख्खी फाइल एकाच मापाने वरखाली करतं. आतल्या चढउताराला ते हात लावत नाही.

सहाव्या नोंदीत कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबणारं हत्यार, लावून बघते म्हणाले होते. लावला. चारास एक प्रमाण, रिलीज, म्हणजे तो दाब सुटायला लागणारा वेळ, २०० मिलिसेकंद. बासरीचा स्वर थांबला की मागचा तानपुरा फुगून वर यायचा आणि पुढचा स्वर लागला की मागे सरायचा. कुणीतरी भाता हलवतंय असं वाटत होतं. शेजारच्या सीटवर बाबा होते. ते म्हणाले, "अगं, तानपुरा वाजवणाऱ्याला झोप येतेय का? मध्येच जागा होतो, मध्येच पेंगतो." रिलीज तीन सेकंदांवर नेला, तर फुगणं कमी झालं, पण प्रत्येक विरामानंतरची पहिली फुंकर दबून यायला लागली. बासरीत त्या पहिल्या फुंकरीतच तर जीव असतो.

मग एफएफएमपेग या ध्वनी-चित्रफिती बदलणाऱ्या सॉफ्टवेअरकडे वळले. त्यातल्या लाउडनॉर्म या आवाज सारखा करणाऱ्या फिल्टरला मूळ मूल्यं म्हणून −२४ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या पातळीचं माप) आणि एलआरए (हळू आणि मोठ्या भागांतलं अंतर) ७ दिलेली असतात. मी पातळी −१८ केली, एलआरए ७ ठेवला आणि रात्री पंचवीस फायली काढल्या. सकाळी गाडीत पेनड्राइव्ह लावला, तर एकही फाइल वाजेना. सगळ्या फायली १९२ किलोहर्ट्झ नमुना-दराच्या झाल्या होत्या! लाउडनॉर्म डायनॅमिक पद्धतीत चालताना ट्रू पीक, म्हणजे ध्वनिलहरीचं खरं टोक, मोजण्यासाठी आवाज १९२ किलोहर्ट्झवर नेतं, आणि बाहेर पडताना किती हवा ते आपण सांगावं लागतं. माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहिलंय. तेव्हा वापरणाऱ्यांनी आदेशात ४४१०० घालायला विसरू नका. ते दुरुस्त करून ऐकलं, तर आवाज ऐकू येत होता खरा, पण बढत गेली होती. आलापात मंद्रातून मध्य सप्तकात येताना जो उजेड हळूहळू वाढत जातो, तो दिसेना. पहिल्या मिनिटाला जेवढा प्रकाश, तेवढाच पंचविसाव्याला. असा बागेश्री मला नको.

एफएफएमपेगमधलंच दुसरं फिल्टर, डायनॉडनॉर्म, त्या मानाने बरं निघालं. त्याची खिडकी, म्हणजे एका वेळी विचारात घेतला जाणारा भाग, मुळात ३१ चौकटींची, प्रत्येक चौकट अर्ध्या सेकंदाची. ती ३०१ पर्यंत ताणली, म्हणजे साधारण अडीच मिनिटांचा आवाका. फुगणं जवळजवळ संपलं. पण विलंबित गतीत (तबल्याबरोबरच्या संथ, बांधलेल्या भागात) तबला जरा बाजूला झाला की तेही नको तिथे उचलायला जायचंच.

आता खरी गोम. मी इतके दिवस एलआरएच्या आकड्यावर विसंबून होते. या वादनाचा एलआरए ११ येतो. अकरा म्हणजे काही फार नाही. गाडीत चालून जायला हवं. मग हाताला काम का? शेवटी वैतागून एलआरए नेमका कसा काढतात ते नीट वाचलं. तीन-तीन सेकंदांच्या सरकत्या तुकड्यांची पातळी मोजतात, अगदी निःशब्द भाग वगळतात, आणि उरलेल्यांतला सर्वांत हळू १० टक्के आणि सर्वांत मोठा ५ टक्के भाग सोडून मधलं अंतर सांगतात. बोलपटासाठी किंवा कार्यक्रमासाठी हे शहाणपणाचंच आहे, कारण एखाददुसऱ्या स्फोटाने आकडा बिघडू नये.

पण ४० मिनिटांच्या वादनाचे १० टक्के म्हणजे ४ मिनिटं आणि ५ टक्के म्हणजे २ मिनिटं. माझ्या वादनात अगदी हळू आलाप पहिली चारच मिनिटं आहे आणि झाला शेवटची १ मिनिट ५० सेकंद! मला त्रास देणाऱ्या दोन्ही जागा त्या आकड्याने बरोबर उचलून बाहेर ठेवल्या होत्या. तुकड्यांचा आलेख काढून पाहिला, तर सुरुवात −३६ ला, गत −२० च्या आसपास आणि झाला −१३. म्हणजे २३ चं अंतर, आणि मी ११ समजून चालले होते. आपल्या संगीतासाठी एलआरए बघू नका, सरळ आलेख बघा, असं मी आता ठामपणे म्हणेन. जिथे वादन तळातून सुरू होऊन टोकाला संपतं, तिथे नेमकी टोकंच कापणारं माप काय कामाचं?

एकदा दुखणं कळलं की औषध साधं निघालं. यंत्राला ठरवू द्यायचंच नाही. पातळी हाताने बदलायची, आणि इतकी सावकाश की कानाला चाहूल लागू नये. पहिली चार मिनिटं ७ डेसिबलने वर उचलली. तिथून गत सुरू होईपर्यंत, म्हणजे २२ व्या मिनिटापर्यंत, उतार देत शून्यावर आणली. अडीच मिनिटांत साधारण एक डेसिबल, एवढा मंद उतार. झाल्याच्या आधीच्या तीन मिनिटांत ४ डेसिबल खाली. बस. २३ चं अंतर १२ वर आलं. तानपुरा फुगायचा प्रश्नच नाही, कारण बासरी आणि तानपुरा एकत्रच वर जातात, एकत्रच खाली येतात. वादक वाढत जातो तेही ऐकू येतं.

आलाप ७ डेसिबल उचलल्यावर जुन्या ध्वनिमुद्रणातली टेपची सुरसुरही तेवढीच वर येते. घरी हेडफोनवर ती जाणवते, गाडीत टायर ती गिळून टाकतात. म्हणून गाडीची प्रत वेगळी ठेवा, मूळ फ्लॅकला (दर्जा न घटवणाऱ्या फाइलला) हात लावू नका.

हत्याराबद्दल. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादकातलं एन्व्हलप टूल, म्हणजे पातळीची रेघ वाकवायचं साधन, फुकट आहे आणि शिकायला दहा मिनिटं पुरतात, पण त्यात आकडा टाइप करता येत नाही, ठिपका माउसने ओढत बसावं लागतं. १८ मिनिटांच्या उताराला ते चालतं. ज्यांना नेमकेपणा हवा त्यांनी रीपर हे ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर घ्यावं, तिथे प्रत्येक ठिपक्याला डेसिबलमध्ये किंमत देता येते. मी दोन संध्याकाळी ऑडॅसिटीत घालवून मग रीपरवर आले आणि आता परत जाणार नाही.

छोटी पण गोड जीत: आलाप आणि गत वेगळ्या ट्रॅकवर असलेल्या तबकड्यांत मध्ये तानपुरा तुटायचा, त्याचाही बंदोबस्त झाला. एमपी३ ची एक चौकट ११५२ नमुन्यांची, म्हणजे जवळपास २६ मिलिसेकंदांची असते. एन्कोडर, म्हणजे एमपी३ बनवणारं सॉफ्टवेअर, सुरुवातीला आणि शेवटी रिकामी भर घालतो, आणि माझा गाडीतला प्लेयर ती भर वगळत नाही. आता एन्कोड करण्याआधीच दोन्ही फ्लॅक जोडून एक फाइल करते. चोवीस मिलिसेकंद काय नि सव्वीस काय, तानपुरा तुटला की समाधी मोडतेच. तो अखंड वाहिला तेव्हा मी गाडीत एकटीच "वाः" म्हणाले.

वेगानुसार आपोआप आवाज वाढवणारी सोय असेल तर ती बंद ठेवा किंवा सर्वांत खालच्या पायरीवर. माझ्या पहिल्या तीन चाचण्या त्यामुळेच वाया गेल्या. मी फाइलमध्ये बदल करत होते आणि गाडी वरून तिचा बदल करत होती.

सरोद अजून सुटलेला नाही. बासरी वाचते, कारण ती वर राहते. पांढरी तीनच्या (पेटीवरच्या त्या पट्टीच्या) बासरीचा सा ३३० हर्ट्झच्या आसपास असतो. गाडीतला गोंगाट मात्र खाली साचतो. बाबांनी शेजारी बसून छोट्या रेकॉर्डरवर ४०, ६० आणि ९० च्या वेगाला दोन-दोन मिनिटं मुद्रण केलं. स्पेक्ट्रम काढला तर बहुतेक ढिगारा २०० हर्ट्झच्या खाली. खडबडीत काँक्रीटवर तो आणखी उंच होतो. फोनच्या मायक्रोफोनवर हे करू नका, बरेच फोन खालचा भाग धडपणे पकडत नाहीत. काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झला वाजते, म्हणजे त्या ढिगाऱ्याच्या मधोमध. सरोदाचं मंद्र सप्तकही तिथेच जाऊन पडतं. शिवाय खालचा गोंगाट वरच्या स्वरांनाही झाकतो. उलट तितक्या सहज होत नाही.

म्हणून पुढच्या आठवड्यात बास वाढवून बघायचा, असं ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिताच ते चूक वाटायला लागलंय. ढिगाऱ्यात आणखी माती कशाला टाकायची? तानपुऱ्याच्या जवारीतून (घोडीवर तार घासून येणाऱ्या झणकारातून) इतके उपस्वर निघतात की मूळ ६९ हर्ट्झ ऐकू आला नाही तरी वरच्या उपस्वरांवरून कान खर्ज भरून काढतो. मग उलटच करावं: ६० हर्ट्झच्या खालचं काढून टाकायचं, बासला हात लावायचा नाही, आणि १ ते ३ किलोहर्ट्झमध्ये जवारी जिथे चमकते तिथे दोनेक डेसिबल उचलायचे. सरोदाच्या पत्र्यावरची मींडही त्याच पट्ट्यात खणखणते. हे आधी सुचलं असतं तर दोन रविवार वाचले असते. तर बेत बदलला. दोन प्रती करते, एक बास वाढवलेली, एक जवारी उचललेली, आणि कुठली कोणती ते न सांगता बाबांना ऐकवते.

संचाच्या क्रमातही बदल करतेय. दुपारी दोन ते चार या वेळात संथ आलाप आता ठेवणार नाही. शरीर तेव्हा तसंही पेंगुळतं, आणि निवांत वाटणं वेगळं, डोळे जड होणं वेगळं. तिथे मध्यलयीतला हंसध्वनी, पियानो आणि चेलोच्या दोन रचना येतील. द्रुत तराणे मात्र संचातून पूर्णपणे काढलेत. ते लागले की माझा वेगाचा काटा नकळत वर सरकतो, हे मी तीन वेळा स्वतः पाहिलंय. आणि दर दोन तासांनी संच संपतो, पुढे तीन मिनिटं कोरी फाइल आहे. ती लागली की थांबायचं. झोप येत असेल तर कुठलंही संगीत ती थोपवत नाही, गाडी बाजूला घेऊन पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटावे लागतात.

झाल्यात ४ डेसिबलची घट जरा जास्तच झालीय. शेवटच्या तिहाईला (तीनदा येणाऱ्या समाप्तीच्या तुकड्याला) जो उसळून यायला हवा तो जोर किंचित कमी पडतो. आज रात्री ती ३ वर आणते आणि शनिवारी पुन्हा रस्त्यावर ऐकते.