‘जातो’ म्हणू नये

गेल्या दोन वर्षांत मला हा प्रश्न लग्नात, मुंजीत आणि एकदा दातांच्या डॉक्टरांकडे तोंड उघडं असताना विचारला गेला आहे. “अहो, इच्छामरणावर विनोदी रहस्यकथा? आणि तपास करणारे तिघंही सत्तरीच्या पुढचे? सुचतं कसं तुम्हाला?” डॉक्टरांना तेव्हा उत्तर देता आलं नाही, कापूस होता. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं सांगून टाकते.

ज्यांनी दिवाळी अंकातली माझी ती कथा वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ठाण्यातली जुनी, चार मजली, बिनलिफ्टची सोसायटी. तिसऱ्या मजल्यावरचे दामलेसर, वय ८६, मराठीचे निवृत्त शिक्षक, एका सकाळी अंथरुणातच गेलेले सापडतात. उशाशी चिठ्ठी: “मी माझ्या इच्छेने जातो आहे. याबद्दल माझ्या मुलाला कोणी बोल लावू नये. सर्वांना आर्शिवाद.” सरांना धरल्याशिवाय उठताही येत नव्हतं. म्हणजे कोणीतरी मदत केली असणार. कोणी?

तपासाला निघतात ताम्हणकर (निवृत्त मुद्रितशोधक), कुमुदताई (निवृत्त नर्स) आणि शिर्के (एसटीचे निवृत्त कंडक्टर). तपासाची वेळ दुपारी चार ते साडेसहा. त्याआधी झोप असते, नंतर मालिका.

म्हातारेच का, तर मला दुसरं कोणी सुचलंच नाही. तरुण हेराला इमारतीत काय चाललंय हे कळायला कॅमेरे लागतात. माझ्या आईला कुकरच्या शिट्ट्या पुरायच्या. शेजारी पाहुणे आलेत, भांडण झालंय की सून माहेरी गेलीय, हे ती बसल्या जागी सांगायची. दाराच्या कडीला दुधाची पिशवी साडेसातनंतर लटकत दिसली की चौकशीला जायची. शिवाय म्हाताऱ्या माणसाकडे कोणी बघत नाही. माझे तिघं जिना चढताना प्रत्येक वळणावर दम खायला थांबतात, आणि त्या तीन-चार मिनिटांत आतलं सगळं बोलणं ऐकतात. येणारा-जाणारा उलट विचारतो, “काका, पाणी देऊ का?” संशयिताने आपणहून पाणी आणून दिलं, असं भाग्य कोणत्या हेराच्या वाट्याला आलंय?

आता विषयाकडे. नेहमीच्या रहस्यकथेत फ्लॅट कोणाला मिळणार, वैर कोणाचं होतं, हे शोधतात. इथे उलटं होतं. दामलेसरांचा सर्वांत जास्त जीव ज्याच्यावर, किंवा ज्याचा त्यांच्यावर, तो पहिला संशयित. दर गुरुवारी त्यांना साबुदाण्याची खिचडी देणाऱ्या बाई दुसऱ्या. या उलट्या हिशेबात मला गंमत दिसली.

कायद्याचं थोडं वाचावं लागलं. स्वित्झर्लंडमध्ये १९४२ पासून लागू असलेल्या दंडसंहितेचं कलम ११५ म्हणतं की आत्महत्येला मदत करणाऱ्याचा हेतू स्वार्थी असेल तर शिक्षा. “यात फायदा कोणाचा?” हा रहस्यकथेतला जुनाच प्रश्न त्यांनी थेट कलमात घातलाय म्हणायचा. आपल्याकडे तसं नाही. आत्महत्येला साहाय्य करणं हा गुन्हाच. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३०६ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं १०८ आहे, दहा वर्षांपर्यंत कैद. मनात माया होती की सातबारा, त्याने गुन्हा पुसला जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने मोकळीक दिली ती फक्त उपचार नाकारण्याची, म्हणजे बरं होण्याची आशा संपल्यावर यंत्रं-नळ्या लावू नका, लावल्या असतील तर काढा, एवढीच. ९ मार्च २०१८ चा तो निकाल. कुमुदताई कथेत हा फरक सोसायटीच्या सेक्रेटरीला समजावून सांगतात आणि तो शेवटी विचारतो, “म्हणजे एनओसी लागेल का?”

एका ठिकाणी मात्र माझी लेखणी थांबली होती. पहिल्या खर्ड्यात कुमुदताई मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका होत्या आणि तिथल्याच परिचारिका अरुणा शानबागांचा उल्लेख होता. २७ नोव्हेंबर १९७३ ला त्या रुग्णालयातच हल्ला झाल्यापासून १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने जाईपर्यंत त्या तिथेच पडून होत्या. पत्रकार पिंकी विराणी त्यांना आता मरू द्यावं अशी मागणी घेऊन न्यायालयात गेल्या, आणि विरोध केला तो रोज त्यांना भरवणाऱ्या परिचारिकांनी. २०११ मध्ये न्यायालयाने विराणींची मागणी फेटाळली, पण उपचार थांबवण्याचं दार त्याच निकालात पहिल्यांदा किलकिलं केलं. कोणाची माया खरी, असं विचारायचं धाडस मला झालं नाही. मी कुमुदताईंना दुसऱ्या, नाव नसलेल्या रुग्णालयातून निवृत्त केलं.

बाकी मरणाबद्दल विनोद करायला म्हाताऱ्यांना माझी गरज नाही. १९८२ ला, ऐन दिवाळीत, विनोबा पवनारला अन्न-औषध थांबवून गेले. आमच्या आजोबांनी रेडिओ बंद केला, “असं जमायला हवं” म्हणाले, आणि अनारशांचा डबा पुढ्यात ओढला. आमच्या कट्ट्यावर रोज कोणीतरी “आता काय, बोलावणं यायचंय” म्हणतं आणि त्याच दमात पुढच्या महिन्याच्या अष्टविनायक सहलीचे पैसे भरतं. दचकतात ती मुलं. “बाबा, असं बोलू नका ना!” झालं, बाबांचं वाक्य तिथेच तुटतं.

माझं रहस्य नेमकं त्या तुटक्या वाक्यात दडलेलं आहे. अंक जुना झालाय, आता फोडायला हरकत नाही.

दामलेसरांनी इमारतीतल्या पाच जणांना सांगितलेलं असतं, “मला आता जायचंय. जरा मदत कराल का?” पाचही जण घाबरून म्हणतात, “सर, असं अभद्र बोलू नका!” दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंना तर ते पुढेही सांगतात, “पैसे भरून झालेत. तिथे गेल्यावर सगळं तेच बघतात. परत यायची कटकट नाही.” या बाईंनी पेपरात वाचलेलं असतं की लोक मरायला स्वित्झर्लंडला जातात. त्या रात्रभर झोपत नाहीत. सर गेल्यावर पाचही जणांना वाटतं, आपण नाही म्हटलं, दुसऱ्या कोणीतरी हो म्हटलं. मग जो तो दुसऱ्याला वाचवायला लागतो. एक जण पाण्याचा पेला घासून ठेवतो, दुसरी औषधांचा डबा पुसते, तिसरा कोणी न विचारताच सांगतो की आपण त्या रात्री भजनाला होतो. न घडलेल्या गुन्ह्याचे पुरावे पाच जण मन लावून नष्ट करत असतात, आणि माझे तिघं ते तितक्याच मन लावून शोधत असतात.

ताम्हणकर पहिल्यापासून चिठ्ठीवर अडलेले. “आर्शिवाद? रफार शि-वर? आणि शि ऱ्हस्व? दामले मेला तरी असं लिहिणार नाही! चिठ्ठी खोटी आहे.” अर्धी कथा या रफारावर चालते. त्यांना दुसरीही शंका असते. वर्गातून बाहेर पडणाऱ्या पोराने “जातो सर” म्हटलं की त्याला परत बोलावून “येतो म्हणावं” असं बजावणारा माणूस स्वतः ‘जातो’ कसं लिहील?

उलगडा शिर्क्यांमुळे होतो. सरांच्या शब्दकोशात खूण म्हणून घातलेला कागद असतो एसटीचं आरक्षण, ठाणे ते दापोली. शिर्के चष्मा कपाळावर सरकवून ते नाकाजवळ धरतात. “दोन आसनं. एक पूर्ण, एक अमृत ज्येष्ठ.” पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे, हे त्यांना सांगायला लागत नाही. “मरायला निघालेला माणूस खिडकीची जागा कशाला मागेल हो?”

सर दापोलीजवळच्या वृद्धाश्रमात राहायला निघाले होते. जुना सहकारी तिथे होता, संध्याकाळी कॅरम असायचा. मुलाला लोक नावं ठेवतील म्हणून चिठ्ठी. हात थरथरायचा म्हणून ती सोबतीला ठेवलेल्या किरणकडून लिहून घेतलेली. रफार त्याचा. ‘जातो’ मात्र सरांचाच. परत यायचं नव्हतं. निघायच्या आदल्या रात्री झोपेत हृदय बंद पडलं, शवविच्छेदनातही तेवढंच निघालं.

“कुठे?” एवढं पाचांपैकी एकानेही विचारलं नव्हतं.

हे सुचलं कुठून? आईवरून. २०१६ मध्ये ती रुग्णालयात होती. रात्री अडीचच्या सुमारास डोळे उघडून स्वच्छ म्हणाली, “मला जायचंय.” मी तिचा हात धरला, म्हटलं, “आई, असं नको गं बोलूस.” ती म्हणाली, “आता थांबवत नाही.” मी रडायला लागले. भावाने बाहेर जाऊन नागपूरच्या मावशीला फोन लावला. मी पिशवीतून गंगेची कुपी काढली, झाकण घट्ट बसलेलं, ते दातांनी उघडतेय तोवर आई ओरडली, “अगं भवानी, बाथरूमला!”

त्यानंतर ती चार वर्षं जगली. रोज खुर्चीतून उठताना जाहीर करायची, “बाथरूमला जातेय गं. कोणाला फोन करू नका.”

कथा लिहून झाल्यावर मी स्वतःचं लिव्हिंग विलही करून टाकलं, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवलं. २०२३ पासून सोपं झालंय. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो, आधी न्यायदंडाधिकारी लागायचे. कट्ट्यावरचे दोघं साक्षीला आले. नोटरीकडच्या मुलाने आमच्याकडे बघून विचारलं, “काकू, भाडेकरार का?” काय आहे ते कळल्यावर तो अदबीने म्हणाला, “मग साक्षीदार जरा तरुण आणायचे होते.” आमचे अण्णा त्यावर इतके हसले की त्यांची सही रेघ सोडून गेली.

राहिला तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा दुसरा प्रश्न: “चिठ्ठीत चूक नेमकी कुठे होती? आम्हाला तर दिसली नाही.”

दिसणार नाहीच. त्या दिवाळी अंकाचे मुद्रितशोधक फार दक्ष. हस्तलिखितात मी ‘आर्शिवाद’च्या खाली दोनदा रेघ मारली होती, कोणी हात लावू नये म्हणून. त्यांना वाटलं, लेखिकेलाच शंका आहे. छापून आलं तेव्हा चिठ्ठीत ‘आशीर्वाद’ होतं, शी दीर्घ, रफार वा-वर. ताम्हणकरांच्या तोंडी दोन ठिकाणी होता तोही सुधारलेला. त्यामुळे छापील कथेत ताम्हणकर पान ११२ वर अगदी शुद्ध ‘आशीर्वाद’ वाचतात आणि कपाळाला हात लावून ओरडतात, “आशीर्वाद? दामले मेला तरी असं लिहिणार नाही!”

मी संपादकांना फोन केला. ते म्हणाले, “कमाल आहे, आम्हाला तो विनोद वाटला.”