लॅडलपाशी गप्प राहिलेला मुलगा

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यांत ओतणाऱ्या कारखान्यात, गुणवत्ता विभाग माझ्याकडे आहे. माझ्या अकरा जणांत एक मिस्त्री असे आहेत, की वाळू मुठीत दाबून ते ओलाव्याचा जो अंदाज सांगतात, तो प्रयोगशाळेच्या आकड्याशी बहुतेक वेळा जुळतो. मोल्ड, म्हणजे साचा, बनवायच्या या ओलसर वाळूत (ग्रीन सँडमध्ये) साधारण 3 ते 4 टक्के ओलावा लागतो; तो वाढला की वितळलेल्या लोखंडाच्या रसाच्या उष्णतेने वाफ होऊन कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, ब्लोहोल (वायूची छिद्रे) पडतात आणि कमी झाला की मोल्डच्या कडा ढासळतात. हा फरक हाताने ओळखणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत. मात्र हेच मिस्त्री चुकलेल्या मुलाचा संपूर्ण लाइनसमोर असा पाणउतारा करतात, की तो मुलगा दिवसभर मान वर करत नाही.

मी दोन वर्षे याकडे काणाडोळा केला, कारण त्यांच्यामुळे वाचलेली कास्टिंग मला मोजता येत होती आणि मुलांचे गप्प होत जाणे कोणत्याच रजिस्टरमध्ये येत नव्हते.

ते गप्प होणे एसजी आयर्नच्या, म्हणजे गोलाकार ग्राफाइट असलेल्या लोखंडाच्या, एका हीटमध्ये (भट्टीच्या एका घाण्यात) समोर आले. या लोखंडात मॅग्नेशियम घातल्यावर रस साधारण 10 मिनिटांच्या आत ओतावा लागतो, नाहीतर मॅग्नेशियमचा परिणाम ओसरतो, ग्राफाइट गोलाकार राहत नाही आणि कास्टिंगची ताकद घटते. त्या दिवशी क्रेन अडकल्याने लॅडल, म्हणजे रस ओतण्याचे भांडे, बराच वेळ थांबून राहिले. आयटीआयमधून आलेल्या एका शिकाऊ मुलाने घड्याळ पाहिले होते, तरी तो बोलला नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दोष दिसला आणि त्या लॅडलची सगळी कास्टिंग पुन्हा भट्टीत गेली. मी कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "साहेब, कालच चारचौघांत माझी इज्जत काढली हुती. परत कोण बोलणार?"

या नुकसानीत माझाही वाटा होता, हे मी त्याच दिवशी मालकांना सांगितले.

नंतर मिस्त्रींना केबिनमध्ये बसवून मी त्यांच्या स्वभावाविषयी एक शब्दही काढला नाही. फक्त त्या लॅडलची आणि आदल्या दिवशीच्या वाक्यांची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "आम्ही शिव्या खाऊनच शिकलो, साहेब." ते खोटे नव्हते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, उसाला पाणी देणाऱ्या ऑइल इंजिनांचे सुटे भाग ओतले जात होते त्या काळी, मिस्त्रीच्या हाताखाली राहून कसब उचलणे हीच शाळा होती, आणि त्या शाळेविषयी मला मनापासून आदर आहे. तरीही त्या शिव्यांमुळे हात शिकला असे मी मानत नाही. हात शिकला तो मिस्त्रीच्या शेजारी वर्षानुवर्षे उभे राहिल्यामुळे.

आमचे ठरले ते इतकेच: चूक दिसली तर लाइन थांबवण्याचा त्यांचा अधिकार पूर्ण राहील, परंतु संबंधित मुलाशी बोलणे बाजूला नेऊन, कामापुरतेच होईल. लॅडलची वेळ टळली तर ओतकाम थांबवण्याची मुभा मी शिकाऊ मुलांनाही लेखी दिली. वागणुकीची नोंद वार्षिक पगारवाढीच्या वेळी विचारात घेतली जाईल, हे मिस्त्रींना आधीच स्पष्ट केले. कामाची स्तुती करून वर्षाच्या अखेरीस कात्री लावणे हा मला विश्वासघात वाटतो.

तेव्हापासून दोनदा त्यांचा तोल गेला. पहिल्यांदा मला मध्ये पडावे लागले, तर दुसऱ्यांदा त्यांनी स्वतःच त्या मुलाला चहाला नेले. पुन्हा तसेच घडले, तर त्यांना लाइनवरून काढून प्रयोगशाळेत बसवीन, असे मी त्यांना सांगून ठेवले आहे. त्यामुळे रिजेक्शन काही काळ वाढेल याची मला जाणीव आहे आणि मालकांनाही आहे. कोअर (कास्टिंगमधल्या पोकळीसाठीचे वाळूचे गाभे) विभागातील एक मुलगा वाळूविषयी काही विचारायचे असले, की अजूनही त्यांना टाळून माझ्याकडे येतो. मी त्याला अद्याप त्यांच्याकडे पाठवलेले नाही.